कळस कोणी चढवला? संत बहिणाबाई, एक स्वप्न आणि कवितेचा अधिकार

१/
वारकरी संप्रदायाचा इतिहास सांगणारे सर्वांत प्रसिद्ध रूपक एका अभंगात आले आहे. संप्रदाय म्हणजे एक इमारत. ज्ञानदेवांनी तिचा पाया घातला, नामदेवांनी तिचे आवार वाढवले, एकनाथांनी भागवताचा खांब उभारला आणि तुकाराम तिचा कळस झाले. कीर्तनांत, व्याख्यानांत, शालेय पुस्तकांत हे रूपक इतक्या वेळा भेटते की ते कोणा एका व्यक्तीने रचलेले आहे, याचाच विसर पडतो.

२/
परंपरा ही रचना संत बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) नावावर नोंदवते. ब्राह्मण कुळात जन्मलेली, बालपणीच लग्न झालेली, आयुष्यभर संसारात राहिलेली ही स्त्री. तुकारामांना गुरू मानले म्हणून पतीने तिला सोडून जाण्याची तयारी केली होती. तिने तुकारामांना ‘कळस’ म्हणणे यामागे केवळ अलंकार नाही. त्या शब्दाची किंमत तिने आधीच मोजली होती.
म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. जिला वेदाध्ययनाचा अधिकार नाही आणि स्वतःचा गुरू निवडण्याचीही मुभा नाही, तिला कविता करण्याचा अधिकार कोणी दिला?
त्या प्रश्नाचा शोध घेणारा हा धागा.

३/
आरंभी एक खुलासा. ‘बहिणाबाई’ म्हटले की अनेकांना खानदेशातील, अहिराणी-वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवतात. येथे विषय आहे तो त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंचा. दोघींत नामसाम्य आहे; काळ, प्रदेश आणि काव्याची जात मात्र वेगळी.

४/
बहिणाबाईंविषयी जे काही कळते, त्यातील बहुतेक त्यांच्याच अभंगांतून कळते. ‘आत्मनिवेदन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभंगमालेत त्यांनी आपले आईवडील, गाव, लग्न, भटकंती, गुरुप्राप्ती आणि छळ हे सारे क्रमाने सांगितले आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. नामदेवांच्या आणि तुकारामांच्या अभंगांतही आत्मपर तपशील आहेत. परंतु एका स्त्रीने आपल्या आयुष्याची हकीकत इतक्या सलगपणे पद्यात मांडावी, हे त्या काळात दुर्मीळच.

५/
बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळच्या देवगाव येथे १६२८ मध्ये झाला. वडील आऊजी हे गावचे कुळकर्णी, आई जानकी. कुळकर्णी म्हणजे गावचा हिशेबनीस. जमीन, सारा, येणे-देणे यांची दप्तरे त्याच्याकडे असत आणि हे काम वतन म्हणून पिढीजात चाले. बहिणा अशा घरात वाढली जेथे लेखणी रोज हातात होती. ती हाती धरण्याची अपेक्षा मात्र मुलीकडून कोणी केली नसती.

६/
तो काळ खडतर होता. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. याच दुष्काळात देहूच्या तुकारामांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबादचा किल्ला घेतला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. दौलताबाद आणि वेरूळ यांमध्ये फार अंतर नाही. बहिणाचे बालपण या उलथापालथीच्या प्रदेशात गेले. तिच्या अभंगांत मात्र बादशहा आणि वेढे नाहीत. तेथे आहेत घर, वाट, गाय, नवरा आणि विठ्ठल.

७/
खेळण्याच्या वयातच तिचे लग्न शिऊरच्या पाठक घराण्यात झाले. नवरा तिशीचा, बिजवर. त्याचे नाव चरित्रांत गंगाधर असे येते, तर काही ठिकाणी रत्नाकर. तो वेदपाठी ब्राह्मण होता, भिक्षुकी आणि ज्योतिष यांवर त्याची उपजीविका चाले, आणि त्याचा स्वभाव तापट होता. नवऱ्याच्या रागाविषयी बहिणाबाई काही लपवत नाहीत. तशाच त्याच्या विद्वत्तेलाही नाकारत नाहीत.

८/
बहिणा सुमारे नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीचा कलह विकोपाला गेला. वडिलांवर संकट आले आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. आई, वडील, भावंड, जावई आणि ही लहान मुलगी असा मेळा रस्त्याला लागला. गोदाकाठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी वाट तुडवत, कोठे भिक्षा मागत तर कोठे भिक्षुकी करत ही माणसे अखेर कोल्हापूरला पोहोचली. पंढरपूरला विठ्ठलाचे जे दर्शन घडले, ते त्या मुलीच्या मनातून पुढे कधीच पुसले गेले नाही.

९/
कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाने या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. बहिणा तेव्हा अकरा वर्षांच्या आसपास होती. त्या घरी पुराणे वाचली जात आणि नगरात ठिकठिकाणी हरिकीर्तने होत. येथे तिच्या आयुष्याला वळण लागले आणि त्याचे कारण तिचे कान होते.

१०/
सतराव्या शतकातील कीर्तन म्हणजे ज्यांना पोथी वाचता येत नाही, त्यांची पाठशाळा. निरूपणाच्या ओघात गीता येई, भागवत येई, ज्ञानेश्वरी येई. पाठोपाठ संतांची पदे येत. श्रोत्याला अक्षर ओळखण्याची गरज नसे. वेद ऐकण्याची स्त्रियांना आणि शूद्रांना मनाई होती. कीर्तन ऐकण्याची नव्हती. मराठी संतस्त्रियांच्या कवितेमागची शाळा शोधायची, तर ती बहुधा या मंडपातच सापडते.

११/
याच सुमारास बहिरंभटांना एक गाय दान मिळाली आणि पुढे ती बहिणाच्या घरी आली. गाईच्या काळ्या वासराला बहिणाचा लळा लागला. ती पाण्याला जाई तेव्हा वासरू मागे, ती पुराण ऐकायला बसे तेव्हा वासरू शेजारी. आत्मनिवेदनात या वासरावर बरेच अभंग खर्ची पडले आहेत. घरदार सुटलेल्या, वयाने मोठ्या नवऱ्याच्या धाकात असलेल्या मुलीचा तो पहिला सोबती होता, हे त्यांतून उघड दिसते.

१२/
कोल्हापुरात जयरामस्वामी नावाचे सत्पुरुष कीर्तनासाठी आले. बहिणा वासरासह कीर्तनाला गेली. गर्दी मोठी होती म्हणून लोकांनी वासराला बाहेर नेले. ते हंबरू लागले आणि इकडे मुलगी कासावीस झाली. स्वामींच्या कानी ही गोष्ट गेली. हरिकथेची ओढ असलेल्या जिवाला बाहेर का ठेवावे, असा विचार करून त्यांनी वासराला आत आणवले आणि मुलीच्या व वासराच्या मस्तकावर हात ठेवला.

१३/
ही वार्ता घरी पोहोचली. एका ब्राह्मण स्त्रीने भर सभेत असे लोकांच्या नजरेत यावे, हे नवऱ्याला सहन झाले नाही. त्याने तिला मारहाण केली आणि बांधून ठेवले. बहिणाबाई सांगतात की गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. थोड्याच दिवसांत वासरू मेले. त्याच्या मृत्यूनंतर ती मुलगी शुद्ध हरपून पडली.

१४/
येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकारामांची पदे गायली जात. देहू ते कोल्हापूर हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. छापखाना नाही, टपाल नाही. तरी कवी हयात असतानाच त्याची कविता दुसऱ्या प्रदेशातील अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या कानापर्यंत पोहोचली होती. तुकारामांचे अभंग त्यांच्या काळातच किती दूरवर फिरत होते, याची ही समकालीन साक्ष आहे. बहिणाने तुकारामांना पाहिले नव्हते. तिने फक्त त्यांचे शब्द ऐकले होते आणि त्या शब्दांचा ध्यास घेतला होता.

१५/
बेशुद्धीच्या त्या दिवसांनंतर तिला स्वप्न पडले. स्वप्नात तुकाराम आले, त्यांनी मस्तकी हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला. बहिणा जागी झाली ती गुरू मिळाल्याच्या निश्चयाने. १६४० च्या दशकातील ही घटना. पुढची सारी कविता या एका स्वप्नाकडे पुन्हा पुन्हा वळून पाहते.

१६/
स्वप्न खरे होते का, हा इतिहासाचा प्रश्न होऊ शकत नाही. ते तपासण्याचे साधन कोणाजवळच नाही. इतिहास वेगळे विचारू शकतो : तिने ही गोष्ट स्वप्न म्हणून का सांगितली, आणि ऐकणाऱ्यांना ती का पटली?
याचे उत्तर तुकारामांच्याच चरित्रात आहे. त्यांनाही गुरूपदेश स्वप्नात झाला होता. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितले आहे. कविता करण्याची आज्ञाही त्यांना स्वप्नातच झाली. पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले आणि त्यांनी आपले अपुरे राहिलेले काम पुढे चालवायला सांगितले, असे तुकाराम सांगतात.

१७/
ही दोन स्वप्ने शेजारी ठेवली की एक रचना दिसू लागते. दीक्षा देण्याची रूढ वाट ठरलेली होती : अधिकारी गुरू, पात्र शिष्य, योग्य वर्ण आणि पुरुषाचा देह. वाणी-कुणब्याचा मुलगा तुकाराम या वाटेवर अडला असता. ब्राह्मणाची मुलगी बहिणा दुसऱ्या कारणाने अडली असती. तिला वर्ण होता, पण देह स्त्रीचा होता. स्वप्नाच्या दारावर मात्र पहारा नसतो. तेथे मंत्र देणाऱ्याची जात विचारायला कोणी येत नाही आणि घेणारीला घराबाहेर पडण्याची परवानगी लागत नाही. जे असे मिळाले, ते कोणाला काढूनही घेता येत नाही.

१८/
नवऱ्याला मात्र हे मान्य होणे शक्य नव्हते. आपण वेदपाठी ब्राह्मण. आपल्या बायकोने एका शूद्राला गुरू म्हणावे, तेही स्वप्नाच्या भरवशावर, आणि तिला पाहायला लोकांनी गर्दी करावी! लोक तिला मान देऊ लागतील आणि आपल्याला तृणासमान लेखतील, ही बोचही त्याला होती. त्याने घर सोडून जायचे ठरवले. बहिणा त्या वेळी गरोदर होती.

१९/
या प्रसंगी बहिणाने जो विचार केला, तो आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकतो. तिने बंड पुकारले नाही. नवरा हाच आपला देव, त्याला सोडून दगडाच्या विठ्ठलाचे काय करायचे, अशा आशयाचे अभंग तिच्या नावावर आहेत. पण त्याच तोंडाने ती तुकारामांचे नावही सोडत नाही. दोन निष्ठा एकाच मनात आमनेसामने उभ्या होत्या आणि एकीसाठी दुसरीचा बळी द्यायला ती तयार नव्हती. तिच्या कवितेचा ताण या जागी आहे. मीराबाईंसारख्या संतस्त्रियांनी घर मागे टाकले; जनाबाईंना संसार नव्हता; बहिणाला दोन्ही वाटा बंद होत्या.

२०/
निघण्याच्या तयारीतच नवरा आजारी पडला. अंगाचा दाह होऊ लागला, औषध लागू पडेना. जिला टाकून तो निघाला होता, ती त्याची रात्रंदिवस सेवा करत राहिली. आपण तुकारामांची निंदा केली त्याचे हे फळ असावे, असे आजारपणात त्याच्या मनाने घेतले. तो बरा झाला तो बदलूनच. बहिणाबाईंच्या कथनातील हा कलाटणीचा क्षण आहे. त्यानंतर ज्या गुरूच्या नावावरून संसार मोडणार होता, त्याच्या दर्शनाला सारे कुटुंब देहूला निघाले.

२१/
देहूत बहिणाबाईंनी तुकारामांना प्रत्यक्ष पाहिले. स्वप्नात दिसलेली मूर्ती ती हीच, अशी त्यांची साक्ष आहे. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत तेरा दिवस राहूनही वाचल्या, या प्रसिद्ध प्रसंगाचा उल्लेखही त्यांच्या अभंगात आढळतो. तुकारामचरित्राची साधने तपासताना अभ्यासक बहिणाबाईंकडे वळतात ते यामुळे. तुकारामांच्या निकटवर्ती काळातील साक्षीदारांत त्या एकमेव स्त्री आवाज म्हणून उभ्या आहेत.

२२/
देहूतही स्वस्थता नव्हती. तेथे मंबाजी गोसावी यांचा मठ होता. या कुटुंबाने आपले शिष्यत्व घ्यावे, असा त्यांचा आग्रह. बहिणाबाईंनी आपल्याला गुरू आधीच लाभल्याचे सांगितले, तेव्हा ते संतापले. ब्राह्मण असून शूद्राचे शिष्यत्व पत्करणाऱ्या या लोकांना वाळीत टाकावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना धाडले. बहिणाबाईंची गाय नेऊन तिला निर्दयपणे मारल्याचीही हकीकत आत्मनिवेदनात आहे. तो मार तुकारामांच्या पाठीवर उमटला, असे बहिणाबाई लिहितात.

२३/
याच देहूत त्यांच्या कन्येचा, काशीचा, जन्म झाला. आणि याच देहूत त्यांची कविता सुरू झाली. आत्मनिवेदनातील कथनानुसार त्या विठ्ठलमंदिरात ध्यानस्थ बसल्या असता तुकारामांनी पुन्हा दर्शन देऊन कवित्वाचा प्रसाद दिला. इंद्रायणीत स्नान करून त्या परतल्या आणि शब्द येऊ लागले.
हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी कान, मग वासराचा वियोग, मग स्वप्न, मग छळ, मग मातृत्व, आणि सर्वांत शेवटी अभंग. कविता ही त्यांच्या साधनेच्या प्रवासातील शेवटची प्राप्ती होती.

२४/
आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतावे. बहिणाबाईंच्या बाबतीत अध्यात्म हा कवितेचा विषय आहेच. परंतु त्याही आधी ते कवितेचे अधिकारपत्र आहे. ‘मी’ असे म्हणून स्वतःची कथा सांगण्याची मुभा त्या काळच्या गृहिणीला समाजात कोठेच नव्हती. गुरूने सांगितले म्हणून बोलते, गुरू बोलवतो ते बोलते, असे म्हणताच ती मुभा मिळते. नम्रतेच्या या भाषेआडून एक स्त्री आपला मार, आपली भूक, आपले मृत वासरू आणि आपला निश्चय नोंदवून ठेवते. अध्यात्म नसते, तर हे लिहायला तिच्याजवळ कारण नसते. लिहिले असते तरी ते जपून ठेवायला समाजाजवळ कारण नसते.

२५/
हा अधिकार त्यांनी एका स्वप्नावर टांगून ठेवला नाही. त्याची वंशावळ मांडली. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर आणि पुढे विश्वंभर, राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी यांच्यामार्फत तुकाराम, अशी गुरुपरंपरा त्यांच्या अभंगांत येते. कुळकर्ण्याच्या मुलीला दस्तऐवजाचे मोल ठाऊक असावे. वतनाच्या वादात पिढ्यांची साखळी दाखवावी लागते. येथे वतन होते ज्ञानाचे, आणि त्या साखळीच्या अखेरीस तिने स्वतःला उभे केले.

२६/
टीकाकारांना त्यांनी दिलेले सर्वांत धीट उत्तर म्हणजे वज्रसूचीवर आधारलेले अभंग. ‘वज्रसूची’ नावाची एक संस्कृत रचना बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावर सांगितली जाते आणि ‘वज्रसूचिका’ नावाचे एक उपनिषदही आहे. दोहोंचा मूळ प्रश्न एकच : ब्राह्मण कोणाला म्हणावे? जीवाला, देहाला, जन्माला, पांडित्याला की कर्माला? एकेक पर्याय तपासत हा विचार सगळे नाकारतो. उपनिषदाच्या मते, ज्याला आत्मस्वरूपाचा साक्षात्कार झाला तोच ब्राह्मण.

२७/
जिच्या गुरूला जन्मावरून हिणवले गेले, तिने हा ग्रंथ निवडून मराठी अभंगांत आणावा, हा योगायोग नव्हे. मंबाजींच्या आक्षेपाला तिने शास्त्रानेच उत्तर दिले आणि ते ज्यांना संस्कृत कळत नाही त्यांच्या भाषेत दिले. मारझोडीला घाबरलेली कोल्हापुरातील मुलगी आणि वज्रसूची मराठीत आणणारी ही कवयित्री यांच्यामध्ये साधनेची आणि श्रवणाची कितीतरी वर्षे आहेत.

२८/
तरीही बहिणाबाईंना निखळ बंडखोर ठरवणे अन्यायाचे होईल. जन्मावर आधारलेल्या श्रेष्ठत्वावर त्यांनी घाव घातला. पतिव्रताधर्मावर मात्र त्यांनी अभंगांमागून अभंग रचले आणि तो मनापासून मानला. स्त्रीदेहाच्या पराधीनतेची, वेदाची दारे बंद असल्याची खंत त्यांच्या रचनांत आहे. ती दारे मोडण्याची हाक नाही. त्यांनी शोधली ती तिसरी वाट : चुलीजवळ बसूनही ज्या देवाला हाक मारता येते, त्या देवाची. जातीविषयी त्या आपल्या काळाच्या पुढे दिसतात आणि विवाहाविषयी काळाच्या आत. एकाच व्यक्तीत हे दोन्ही असू शकते. इतिहासातील माणसे बहुधा अशीच असतात.

२९/
बहिणाबाईंचे उत्तरायुष्य शिऊरला गेले. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात हे गाव आहे. १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. मृत्यू जवळ आल्याचे जाणवताच त्यांनी मुलगा विठोबा याला पत्राने बोलावून घेतले. अखेरच्या भेटीत त्यांनी त्याला आपल्या मागील बारा जन्मांची कथा अभंगांतून सांगितली, हा तेरावा. ज्या कवितेची सुरुवात ‘मी कोठे जन्मले’ येथून झाली होती, तिने शेवटी जन्मापलीकडचे आत्मचरित्र सांगायला घेतले.

३०/
हे अभंग दोनशे वर्षे हस्तलिखितांत आणि भजनी परंपरेत राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापील ग्रंथाच्या रूपाने वाचकांपुढे आले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी महाराष्ट्रातील संतकवींवरील आपल्या मालेत त्यांचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून देशोदेशीचे अभ्यासक आत्मनिवेदन वाचत आले आहेत. महाराष्ट्रात मात्र बहिणाबाईंचे नाव बहुधा त्या एका इमारतीच्या रूपकापुरते उरले, आणि पुष्कळदा त्या रूपकाबरोबरही ते घेतले जात नाही.

३१/
म्हणून शेवटी त्या इमारतीकडे पुन्हा एकदा पाहावे. ब्राह्मण ज्ञानदेव, शिंपी नामदेव, ब्राह्मण एकनाथ आणि कुणबी तुकाराम अशी ती रचली आहे. ज्या काळात ‘शूद्राचा शिष्य’ हा वाळीत टाकण्याजोगा अपराध होता, त्या काळात एका ब्राह्मण स्त्रीने सर्वांत उंच जागा त्या शूद्र मानलेल्या गुरूला दिली. ही वास्तू रचताना पायापासून शिखरापर्यंत तिने कोठेही वर्णाचा क्रम मानला नाही.

३२/
अभंगाच्या अखेरीस, कळसाच्याही वर, फडकणाऱ्या ध्वजाचा उल्लेख येतो; आणि त्याच जागी ‘बहिणी’ ही नाममुद्रा आहे. ध्वजावर इमारतीचा भार नसतो. पण इमारत कोणाची आहे, हे दुरून येणाऱ्याला आधी ध्वजच सांगतो.
यापुढे एखाद्या कीर्तनात तो अभंग कानी पडला, तर शेवटच्या चरणापर्यंत थांबावे. तेथे एका वासरामागे रडलेली, स्वप्नात गुरू भेटलेली आणि त्या स्वप्नाला अखेरपर्यंत जागलेली एक मुलगी आपली सही करून गेली आहे.
(समाप्त)